मोहरीएवढं भोक

तिमिशोआरात, ट्रामच्या डेपोमागे,
प्रयोगशाळेच्या तळघरात
ओक्ताव बाचू प्लास्टर कालवतो.
आधी पाणी, मग पूड. उलटं कधीच नाही.
चाळीस वर्षं नाट्यगृहांच्या छतांसाठी
द्राक्षांचे घोस ओतले, पानं ओतली,
आता ओततो सपाट पाट्या
आणि प्रत्येकीच्या मधोमध एक गोल भोक.
म्हणतो, नक्षी सगळी गळाली,
झुंबराची जागा तेवढी राहिली.

पाट्या चार मापांच्या, रूप एकच.
रुंदी दहा भाग, भोक एक भाग.
सगळ्यांत धाकटी आगपेटीहून अरुंद,
तिचं भोक मोहरीएवढं.
थोरली दाराएवढी,
तिच्या भोकात वाटी बसेल,
आणि ती खरंच दारातून आत येईना
तेव्हा चौघांनी तिला आडवी केली, तिरकी केली,
कुणीतरी कुणाच्या तरी आईचा उद्धार केला.

इलिंका स्तोइया प्रत्येक पाटीच्या पाठीवर
पेन्सिलनं आकडा लिहिते,
मोडण्याआधी.
ओक्तावला हे अशुभ वाटतं.

"भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो," ती सांगते,
"भोक वाटीएवढं असो की मोहरीएवढं."
"मग सगळ्या सारख्याच मोडतील."
"नाही ना. तडा शून्यातून रांगत येत नाही,
जन्मतो तोच थोडी लांबी घेऊन.
त्याला जोर हवा,
आणि खर्चायला गाठीला काही हवं.
मोठ्या भोकाशी दोन्ही सापडतं.
लहानाशी तो तिप्पट ताण
तडा पाय पसरायच्या आतच संपतो."

ओक्ताव हात पुसतो.
शितावरून भाताची परीक्षा करत आलेला माणूस,
त्याला हे पचायला वेळ लागतो.

थोरली पहिली.
यंत्र ओढत गेलं, आवाज नाही, काही नाही,
मग एकदम ताट आपटल्यासारखं.
बिनभोकाची पाटी जे सोसते
त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जेमतेम जास्त.
पेन्सिलचा आकडा जवळजवळ तोच.
मधल्या दोघी थोड्या चिवट निघाल्या,
जेवढी लहान तेवढी चिवट.

धाकटी मोडली ती भोकाशी नाहीच.
बाजूला, बोटभर अंतरावर,
एका बुडबुड्याशी.

ओक्तावचा चेहरा पडला. बुडबुडा त्याचा.
त्यानं साचा ठोकला होता, तीनदा ठोकला होता.
इलिंका मात्र तुकडा उजेडात धरून हसत होती:
"भोक आहे हे तिला कळलंच नाही, बघा.
तुमचा बुडबुडा आणि माझं भोक
तिच्या लेखी सारखेच."

त्या रात्री त्याला झोप नाही.
डोंगराकडच्या एका गावी, शहाऐंशी साली,
त्यानं छताचं मोठं फूल ओतलं होतं.
टेबलावर मावेल असा नमुना आधी केला,
पोटात छिद्र पाडून विटा टांगून पाहिला,
चार दिवस टांगला, हूं की चूं नाही.
मग सगळी मापं सहापट केली.
जाडी सहापट, भोक सहापट,
आणि वर झुंबर.

सकाळी सातला त्यानं फोन लावला.
पहारेकरी म्हातारा, द्रागोमिर, अजून तिथंच.
"छताला तडा आहे का रे?"
"कुठल्या छताला? आमच्या?
आहे की. अठ्ठ्याऐंशीपासून.
झुंबराच्या भोकातून निघतो, बाल्कनीकडे जातो,
मध्ये एक वळण घेतो.
आम्ही त्याला डॅन्यूब म्हणतो.
पोरांना शाळेतून दाखवायला आणतात."
"आणि झुंबर?"
"ते कधीच विकलं. आता बल्ब आहे."

ओक्ताव बराच वेळ रिसीव्हर धरून उभा.
कुठंतरी पाणी मुरतंय हे त्याला तेव्हाही वाटलं होतं,
पण प्लास्टरात पाणी मुरतंच,
म्हणून त्यानं मनावर घेतलं नव्हतं.

तळघरात इलिंका नव्या साच्याची मापं घेऊन बसलेली.
"या वेळी भोक कुठं?"
ओक्तावनं बादलीत पाणी घेतलं.
"मापं सांग," म्हणाला,
"बुडबुड्याचं मी बघतो."